पेटीतला दिवा

झाकण उघडलं आणि दिवा लागला नाही.

पेटीमास्तर आधी चिडले, आणि चिडले ते स्वतःवरच. बिजागरीजवळ तांब्याची एक पातळ पट्टी असते, ती केसभर सरकली तरी दिवा रुसून बसतो. तीच सरकली असणार. आत्ता दहा मिनिटांपूर्वी तर लागत होता. झाकण वर केलं की निळ्या मखमलीवर हलका पिवळा उजेड पसरायचा, खाली केलं की विझायचा. दुपारी तीन वाजता ही नमुन्याची पेटी मालकांच्या टेबलावर पोचायला हवी होती, आणि हिला नेमकी आजच दुखणं काढायची हौस आली. मास्तरांनी पुटपुटत मधली उशी उचलली. घड्याळाचा पट्टा जिच्याभोवती गुंडाळतात ती छोटीशी उशी. तिच्याखाली सेल ठेवायची गोल खोबण होती आणि खोबणीवर लोहचुंबकानं धरलेली एक चकती.

चकती जागेवर नव्हती. खोबण रिकामी होती.

मास्तरांनी मान वळवली. सतरंजीवर त्यांची नात बसली होती, दीड वर्षाची. तुटलेलं बटण, दोऱ्याचं टोक, पेन्सिलीचा ढलपा, जमिनीवरचं काही म्हणून तिच्या नजरेतून सुटत नसे, म्हणून घरात सगळे तिला मुंगी म्हणत. ती चकती मुंगीच्या हातात होती. फरशीवर ती टकटक आपटत होती आणि आजोबांनी बघितलं तशी खूश होऊन हसली. तिच्या हनुवटीवरून लाळ ओघळत होती.

मास्तर उशी टाकून सतरंजीकडे धावले.

"सेल कुठाय, मुंगे?" ते गुडघ्यांवर बसले. "यातलं गोल गोल कुठं टाकलंस?"

मुंगीनं चकती त्यांच्यापुढे धरली. घ्या म्हणाली, म्हणजे तिच्या भाषेत "घ्ये". मास्तरांनी तिचं तोंड उघडून बोट फिरवलं. आठ दात, एक जीभ आणि लाळ. मुंगीनं त्यांच्या बोटाला कडकडून चावा घेतला.

आता ही पेटी काय प्रकरण होतं ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, एवढ्याशा खोक्यात दिवा हवाच कशाला. सूनही हेच म्हणायची. मास्तर काम करायचे ते कारखाना म्हणावं तर लहान आणि दुकान म्हणावं तर मोठं, अशा जागी. अकरा माणसं, दोन लांब टेबलं, सरसाचा वास. तिथं घड्याळं बनत नसत. अतिशय महागड्या घड्याळांच्या पेट्या बनत. लाकूड, कातडं, मखमल, आतली उशी, बाहेरचं पुठ्ठ्याचं आवरण, सगळं. मास्तरांनी चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या घड्याळांची घरं बांधली होती आणि स्वतःच्या मनगटावर कधी घड्याळ लावलं नव्हतं. त्यांच्या पेट्यांचं पुढे काय होतं हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. माणूस घड्याळ काढतो, हातावर चढवतो, आणि पेटी कपाटाच्या वर जाते. तिच्यात मग औषधाच्या चिठ्ठ्या आणि जुन्या किल्ल्या.

म्हणून तर तीन आठवड्यांपूर्वी तो साहेब आला तेव्हा मास्तर विरघळले. साहेब घड्याळांचा मोठा संग्राहक. त्याच्या ओळखीतले दहा-पंधरा शौकीन त्याच्या शब्दाबाहेर नसत. त्याची घड्याळं तिजोरीत असत, आणि पेट्यांसाठी वेगळी खोली होती, ओल धरू नये म्हणून यंत्र लावलेली. कारखान्यातल्या पोरींनी पाठीमागे त्याचं नाव पेटीवेडा ठेवलं. पण तो टेबलाशी बसला, मास्तरांनी केलेली पेटी मांडीवर घेतली आणि आत घड्याळ नव्हतं तरी अर्धा तास बघत राहिला.

"मास्तर, लोक मला विचारतात, घड्याळ हातावर असतं, मग पेटीचं एवढं काय?" तो म्हणाला. "मी म्हणतो, विकायला जा, मग कळेल. पहिला प्रश्न येतो, मूळ पेटी आहे का? नसली की समोरच्याचं तोंड वाकडं. पण ते जाऊ द्या. मला विकायचंच नाही. मला ही उघडायला आवडते."

मला ही उघडायला आवडते. चौतीस वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं. मास्तरांच्या कानांच्या पाळ्यासुद्धा लाल झाल्या.

मग साहेबाचं बोट मखमलीवरून फिरता फिरता उशीखाली गेलं आणि थांबलं. "हे काय लागतंय?"

तो स्क्रू होता. सेलच्या चकतीला लावलेला, तिळाएवढ्या डोक्याचा एकच स्क्रू. साहेबानं नाक मुरडलं. एवढी देखणी वस्तू आणि आत लोखंड? मालकांनी मास्तरांकडे बघितलं. आणि मास्तर, जे खिळ्याच्या जागेवरून मालकांशी तासतासभर हुज्जत घालत, ते लगेच म्हणाले, "काढून टाकतो. चुंबक लावतो. बोटाला कळणारसुद्धा नाही."

सेलच्या पाकिटावर मागच्या बाजूला एक चित्र असतं. रांगणारं मूल, आणि त्याच्यावर आडवी काट. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की झाकण स्क्रूनं बंद करा. मास्तर रोज ती पाकिटं फाडत होते. चित्र त्यांना पाठ होतं. पण संग्राहकाच्या पेटीत मूल कुठून येणार?

आज सुट्टी घेऊन ते नातीला सांभाळत होते. मुलगा बोटीवर, सहा सहा महिने पाण्यात. बायको जाऊन चार वर्षं झालेली. सून चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायच्या यंत्रापाशी उभी असायची आणि मुंगीला सांभाळणारी बाई आज आली नव्हती. नमुना पुरा झाला होता, दोन वाजता सून आली की नेऊन द्यायचा. तो पसंत पडला की कारखान्यात बांधून ठेवलेल्या तशाच चाळीस पेट्या बाहेर पडायच्या होत्या. पावणेअकराला मुंगी आईसाठी रडायला लागली तेव्हा मास्तरांनीच तिला पेटी दाखवली. झाकण वर, दिवा आला. झाकण खाली, दिवा गेला. मुंगी रडायची थांबली. तेवढ्यात दूध उतू गेलं. ते आत जाऊन शेगडी पुसून, भांडं घासून परत आले तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात अकराला पाच कमी होते.

पोरगी गिळते का कधी एवढं मोठं? मास्तरांनी स्वतःला विचारलं. रुपयाएवढा सेल. घशातून जाणारच नाही. इथंच पडलाय कुठेतरी.

आणि मग त्यांनी ती गोष्ट केली जी त्यांच्या कारखान्याबाहेरच्या कुठल्याही माणसानं केली नसती.

कारखान्यात एक नियम होता. ज्याच्या हातातून सुई किंवा टाचणी पडेल त्यानं मोठ्यानं ओरडायचं, "सुई!" की सगळे जिथल्या तिथं थांबायचे. पाय उचलायचा नाही, पेटी बंद करायची नाही, फोन घ्यायचा नाही. दोरीला बांधलेलं लोहचुंबक घेऊन मास्तर जमीन पिंजून काढणार आणि सुई मिळाली की मगच कामाला हात. कारण मागे एकदा अशीच एक टाचणी उशीत राहिली आणि तिनं एका घड्याळाच्या पाठीवर ओरखडा काढला. त्या ओरखड्यानं कारखाना बुडायची वेळ आली होती. तेव्हापासून एकही सुई हरवलेली राहिली नव्हती. मास्तरांचा तो मोठा मान होता.

त्यांनी मुंगीला पलंगावर ठेवलं, चारी बाजूंनी उशा लावल्या, पिशवीतून चुंबक काढलं आणि जमिनीवर आडवे झाले.

कपाटाखाली चुंबकाला काहीतरी चिकटलं. खट. केसांची पिन निघाली. शिलाई मशीनखाली पुन्हा खट. गंजका खिळा. सोफ्याखालून एक किल्ली निघाली, जी दोन वर्षांपूर्वी हरवली म्हणून त्यांनी मुलाला चारचौघांत बोल लावला होता. प्रत्येक वेळी खट झालं की मास्तरांच्या जिवात जीव यायचा आणि प्रत्येक वेळी तो परत जायचा. सतरंजी झटकली. दाराची पायपुसणी झटकली. कचऱ्याचा डबा वर्तमानपत्रावर उलटा केला. मखमलीच्या चिंध्या, दुधाची पिशवी, कांद्याची सालं, बाकी काही नाही.

खरं सांगायचं तर शोधत राहणं सोपं होतं. खाली जमिनीवर तोंड करून पडलं की वर पलंगाकडे बघावं लागत नव्हतं. सेल मिळाला असता तर कुणाला काही सांगायची गरज नव्हती. सुनेला नाही, मुलाला नाही. मास्तर म्हातारा आहे, घाबरट आहे, हे त्यांचं त्यांनाच कळलं असतं आणि तिथंच मिटलं असतं. म्हणून ते शोधत राहिले. न्हाणीघरसुद्धा शोधलं, जिथं मुंगी सकाळपासून गेलीही नव्हती.

पलंगावर मुंगी खोकली.

कोरडा, लहानसा खोकला. मास्तर उठले. तिच्या झबल्याचा पुढचा भाग पूर्ण भिजला होता. लाळ थांबतच नव्हती. त्यांनी घाईघाईनं वाटीत पाणी आणलं, चमच्यानं पाजलं. मुंगीनं ते तोंडात घेतलं, गिळायचा प्रयत्न केला, डोळे मोठ्ठे केले आणि सगळं बाहेर टाकलं. मग ती रडली. एरवीचं रडणं नव्हतं ते. एरवी ती चाळ डोक्यावर घ्यायची. हे रडणं बारीक होतं, तिला मोठ्यानं रडायला दुखत होतं.

भिंतीवर साडेअकरा झाले होते. मास्तरांनी चुंबक टाकलं आणि फोन उचलला.

रुग्णवाहिकेच्या फोनवर एक बाई होती. आवाजावरून तरुण. मास्तरांना आधी स्वतःचा पत्ताच आठवेना. मग आठवला.

"काय गिळलंय, आजोबा? बघितलंत का गिळताना?"

"नाही बघितलं. सेल. गोल, चपटा."

"केवढा?"

दुसरा कुणी म्हणाला असता, एवढासा. पण मास्तरांना तो मिलिमीटरपर्यंत ठाऊक होता, खोबण त्यांनीच कोरली होती. "वीस," ते म्हणाले. "व्यास वीस. जाडी तीनपेक्षा थोडी जास्त."

बाईचा आवाज बदलला. आजोबा वगैरे संपलं. "ऐका. गाडी निघाली आहे. उलटी काढायचा प्रयत्न करू नका. पाठीवर थापट्या नाहीत, काही नाही. बाळ वर्षाच्या वर आहे ना? घरात मध आहे?"

"मध?"

"मध. दोन लहान चमचे लगेच द्या. दहा मिनिटांनी परत दोन. सेल घशात अडकला असेल तर तिथं जळायला लागतं, मधानं ते जरा हळू होतं. बाकी काही खायला-प्यायला देऊ नका. कळलं?"

जळायला लागतं. मास्तरांनी कळलं म्हटलं.

मधाची बाटली फळीवर मागे होती, आणि मध थिजून दगड झाला होता. त्यांनी चमच्याच्या दांड्यानं तो खरवडला. अर्धा ओट्यावर सांडला, अर्धा चमच्यात आला. मुंगीनं पहिला चमचा थुंकला. दुसरा तिच्या ओठांवर लावत, गालावर बोट फिरवत, "माझी राणी, माझी शहाणी," असं काहीबाही बोलत त्यांनी कसाबसा आत घातला. ती गिळताना मास्तरांचाच गळा हलत होता.

मग त्यांनी सुनेला फोन केला.

"बाबा, गिऱ्हाईक आहे समोर, लवकर बोला."

"पोरी, मुंगीनं सेल गिळलाय. पेटीतला. गाडी येतेय, मोठ्या दवाखान्यात नेतोय. तू तिकडेच ये."

पलीकडून नुसता दुकानातला आवाज ऐकू येत होता, कुणीतरी विचारत होतं, हे अक्षर क आहे का फ. मग फोन बंद झाला.

गाडीतला माणूस मुंगीच्या बोटाला कसलीशी क्लिप लावून आकड्यांकडे बघत होता. मास्तर आकडे बघत नव्हते. मुंगीच्या छातीकडे बघत होते, वर होते का, खाली होते का. त्यांच्या हातात मधाची बाटली होती. दहा मिनिटं कधी झाली ते कळायला त्यांच्याकडे घड्याळ नव्हतं. "झाली का हो दहा?" ते दर मिनिटाला विचारत होते. तो माणूस बिचारा दर मिनिटाला सांगत होता, अजून नाही.

दवाखान्याच्या दारात सून आधीच उभी होती. दुकानाचा पांढरा कोट तसाच अंगात. तिनं मुंगीला त्यांच्या हातातून घेतलं नाही, ओढलं.

फोटो काढला. डॉक्टरीणबाईंनी तो पडद्यावर लावला. छोट्याशा फासळ्यांच्या मध्ये, गळ्याच्या जरा खाली, एक पांढराशुभ्र गोल. मास्तरांच्या मनात वेडी आशा आली. "नाणं असेल," ते म्हणाले. "नाणं गिळलं असेल तिनं."

"नाण्याला एकच कड दिसते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ही बघा, कडेच्या आत दुसरी कड. सेलच आहे." त्या वळल्या. "आता नीट आठवून सांगा. आत एका पेशंटला ऑपरेशनसाठी घेतलंय, अजून सुरू झालेलं नाही. ते संपायला अर्धा तास लागेल. हिला तोवर थांबवायचं की त्यांना बाजूला करून हिला आधी घ्यायचं, हे मला ठरवायचंय. सेल गिळून किती वेळ झाला?"

सून मास्तरांकडे बघत होती. तिच्या खांद्यावर मुंगी होती आणि मुंगीची लाळ पांढऱ्या कोटावर पसरत होती.

साडेअकरा. शब्द मास्तरांच्या जिभेवर तयार होता. साडेअकराला तर फोन केला होता, त्याची नोंदही असणार. साडेअकराला कळलं आणि लगेच फोन केला, असंच तर करतं कुठलंही शहाणं माणूस. आत्ता बारा वाजलेत. म्हणजे अर्धा तास. अर्धा तास ऐकायला किती बरा वाटत होता. कुणी काही म्हणालं नसतं. सून उलट म्हणाली असती, बाबा, तुम्ही वेळेवर फोन केलात.

"सव्वा तास," मास्तर म्हणाले. "पावणेअकरा ते अकराला पाच कमी. त्या मधल्या दहा मिनिटांतच. मी स्वयंपाकघरात होतो."

"नक्की?"

"नक्की. खोबण रिकामी दिसली तेव्हा मी घड्याळ बघितलं होतं."

डॉक्टरीणबाईंनी आणखी काही विचारलं नाही. दार उघडून त्या आत काहीतरी ओरडल्या, दोन माणसं धावत आली, कुणीतरी मुंगीला उचललं. मुंगीनं आईच्या कोटाची कॉलर धरून ठेवली होती. ती मूठ नर्सनं एकेक बोट करून सोडवली. दार बंद झालं.

सून सावकाश म्हणाली, "मला फोन साडेअकराला केलात."

"हो."

"अकराला पाच कमी असताना तुम्हाला कळलं."

"हो."

"मग मधे काय करत होतात, बाबा?"

"शोधत होतो," मास्तर म्हणाले. "जमिनीवर. चुंबक घेऊन. मला वाटलं, सापडेल."

तिनं तोंडावर हात ठेवला. मास्तर वाट बघत होते की ती ओरडेल. त्यांना ते हवं होतं, कानाखाली वाजवली असती तरी चाललं असतं. ती ओरडली नाही. ती जाऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. मधे चार माणसं मावतील एवढी जागा होती.

त्या बाकावर मास्तर किती वेळ बसले, देव जाणे. दाराला वरच्या बाजूला काचेचा चौकोन होता आणि त्यातून फक्त एक पांढरी भिंत दिसत होती, तरी ते तिकडेच बघत होते. ते मनातल्या मनात मुंगीचा घसा मोजत होते, दुसरं काही सुचतच नव्हतं. केवढा असेल तो? त्यांच्या करंगळीएवढा? त्यात वीस मिलिमीटरचा सेल, आणि तो जळतोय, सव्वा तास, त्यातली पस्तीस मिनिटं त्यांनी कपाटाखाली घातलेली.

खिशातला फोन वाजला. मालक.

"मास्तर, आहात कुठं? साहेब तीनऐवजी दोनलाच येतायत. पेटी घेऊन निघा लगेच."

"पेटी घरी आहे. मी दवाखान्यात आहे. माझ्या नातीनं त्यातला सेल गिळला."

"अरे बापरे!" मालक मनापासून हादरले. ते वाईट माणूस नव्हते. "कशी आहे ती? काही लागलं तर सांगा, मी येऊ का?" आणि मग जरा थांबून, कारण शेवटी ते मालक होते, "पेटी... पेटीला काही झालं नाही ना?"

मास्तरांना एरवी राग आला असता. आत्ता रागालासुद्धा जागा नव्हती. "त्या चाळीस पेट्या बांधून ठेवल्यात ना, त्या पाठवू नका," ते म्हणाले. "एकसुद्धा नाही. मी येऊन स्क्रू लावीन."

"अहो पण साहेबांना तो बोटाला लागतो. तेच तर म्हणणं होतं त्यांचं. पेटीवरच तर सगळा खेळ आहे त्या लोकांचा, तुम्हीच सांगत असता."

"लागू दे बोटाला. त्यांना सांगा, मास्तर मूर्ख होता, त्यानं काढला. त्यांच्या घरी येतंच असेल की कुणाचं तरी मूल."

त्यांनी फोन ठेवला. बाकाच्या दुसऱ्या टोकावरून सून ऐकत होती.

दार उघडलं तेव्हा दोघंही एकदम उठले. डॉक्टरीणबाईंच्या हातात स्टीलची वाटी होती. वाटीत सेल होता, एका बाजूनं काळाकुट्ट पडलेला.

"काढला," त्या म्हणाल्या. "ती ठीक आहे. झोपेत आहे अजून. ऐका, बसा आधी."

सून बसली नाही. "ठीक म्हणजे?"

"म्हणजे अन्ननलिकेला आतून भाजलंय. आरपार गेलेलं नाही. आणखी अर्धा तास थांबलो असतो तर कदाचित गेलं असतं, मी खात्रीनं नाही सांगू शकत. मध दिलात ते बरं केलंत. पण सेल निघाला म्हणजे संपलं असं समजू नका. भाजलेली जागा पुढचे काही आठवडे आतल्या आत खराब होऊ शकते. शेजारीच मोठी रक्तवाहिनी असते. चार दिवस आम्ही ठेवून घेऊ. नंतर घरी कुणीतरी सतत, म्हणजे अक्षरशः सतत, तिच्याजवळ हवं. कशावर लक्ष ठेवायचं ते कागदावर लिहून देते."

त्या गेल्या. नर्सनं कागद आणून दिला. सुनेनं तो वाचला, घडी केली, पुन्हा उघडून वाचला. मास्तर दोन पावलांवर उभे होते, जवळ जावं की नाही ते त्यांना कळत नव्हतं.

"माझी चार दिवसांची रजा शिल्लक आहे," ती कागदाकडे बघत म्हणाली. "हा बोटीवरून उतरायला अजून तीन महिने. सांभाळणारी बाई काय, आज आली तर उद्या नाही." मग तिनं वर बघितलं. तिचे डोळे लाल होते. "पाचव्या दिवसापासून तुम्हालाच बसायचंय तिच्याजवळ."

सकाळपासून मास्तरांना अनेकदा भीती वाटली होती, पण ही वेगळी होती. आत्तापर्यंत काय झालं याची होती, आता पुढच्या प्रत्येक तासाची होती. "माझ्याजवळ सोडशील?" त्यांनी विचारलं.

"कुणाजवळ सोडू मग?" ती म्हणाली. "विश्वास आहे म्हणून नाही सांगत मी, बाबा. दुसरं कुणी नाही म्हणून सांगतेय. मला भीती वाटते तुम्हाला सोडायची. खूप भीती वाटते." तिनं कागद त्यांच्यापुढे धरला. "वाचा. मोठ्यानं."

मास्तरांनी खिशातून चष्मा काढला. तो तिनंच दुकानातून करून आणला होता. "लाळेत किंवा उलटीत रक्त," ते वाचू लागले. "काळी शी. ताप. गिळताना रडणं. श्वासाचा आवाज."

"आता न बघता."

त्यांनी कागद खाली केला. "लाळेत रक्त. उलटीत रक्त. काळी शी. ताप. गिळताना रडणं." ते अडखळले. "आणि श्वास."

"यातलं काहीही झालं, झाल्यासारखं वाटलं, तर?"

"लगेच फोन. लगेच इथं."

"त्याआधी काय करायचं?"

"काही नाही," मास्तर म्हणाले. "काही करायचं नाही. आधी फोन."

ट्रॉली ढकलत कुणीतरी बोळातून गेलं. आत मुंगी अजून झोपलेली होती. सुनेनं डोळे पुसले नाहीत, ती खालीही बसली नाही.

"परत म्हणा," ती म्हणाली. "पहिल्यापासून."